तुझा चहा रोज टाकते

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पायांवर डोकं टेकायला येणं काही जमलं नाही, म्हणून कागदावरच टेकवतो.

बातमी अशी, की छापखाना बंद पडल्यावर घरी माश्या मारत बसलेल्या तुझ्या भावाला काम मिळालं. चहाच्या कंपनीत. मी चहा करत नाही आणि विकतही नाही. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'फायदे' छापलेले असतात ना, जे माणूस पाणी उकळेपर्यंत दुसरं काही हाताशी नसलं तरच वाचतो, ते मी लिहितो. शाळेत आकृतीत यकृताला जठर म्हणणारा मी आता लोकांच्या यकृताची काळजी वाहतो. काळाचा महिमा.

कामाचा एकच नियम आहे. आमचे वकील माझं प्रत्येक वाक्य लाल पेनाने तपासतात आणि शेवटी 'शकते' आहे की नाही ते बघतात. हिरव्या चहाने वजन कमी होते, असं लिहिलं तर कंपनी कोर्टात. कमी होऊ शकते, असं लिहिलं तर कंपनी सुखात. पुदिन्याने पचन सुधारू शकते. कॅमोमाइलच्या फुलांनी झोप लागू शकते. मागच्या आठवड्यात वाण्याने सुटे पैसे मागितले, तर तोंडातून निघालं, 'असू शकतात.'

आता मुद्द्याचं. मागच्या पत्रात चार पानं शिवणाच्या गिऱ्हाइकांबद्दल लिहून अगदी शेवटच्या ओळीत, समासात, 'डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब वाढला म्हणून गोळी सुरू केली आहे' असं लिहिलंस. समासात लिहायची गोष्ट आहे का ही? सोबत दोन डबे पाठवतो, एक हिरवा चहा, एक जास्वंदीचा. जास्वंदीने रक्तदाब आटोक्यात राहू शकतो. मीच लिहिलंय, मला माहीत आहे. दूध आणि साखर मात्र घालायची नाही.

मी स्वतः काय पितो ते विचारू नकोस. गोदामामागे एक टपरी आहे, तिथे दूध, साखर आणि आलं घालून उकळून उकळून काळानिळा केलेला चहा मिळतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाणाला दोन चमचे साखर लागते एवढंच.

पुढच्या महिन्यात येऊ शकतो.

तुझा,
दीडशहाणा


२१ फेब्रुवारी

प्रिय दीडशहाण्यास अनेक आशीर्वाद.

डबे पोचले. दोरी इतकी आवळली होतीस की कापडाच्या कात्रीने कापावी लागली. कापडाच्या कात्रीने दुसरं काही कापलेलं मला चालत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा पहिला फायदा तिथेच कळला, रक्तदाब वाढला.

हिरवा चहा पहिल्या दिवशी करून बघितला. चटई भिजत घालून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी तिचं पाणी प्यावं, तसं लागलं. जास्वंदीचा रंग फार छान. त्या रंगाचं अस्तर गेलं वर्षभर शोधतेय. पण तू एवढ्या मायेने पाठवलास, तर वाया कसा जाऊ देऊ. तुझा चहा रोज सकाळी टाकते. एक दिवस चुकवला नाही.

तुझं पत्र मात्र मशीनवर ठेवून दोनदा वाचलं. टाके घालता घालता हसू आलं आणि एका गिऱ्हाइकाची बाही वाकडी शिवली गेली. ती उसवावी लागली. तुझे भावोजी असते तर म्हणाले असते, 'याला नोकरी नाही, व्यासपीठ हवंय.' ते गेल्यापासून घरात मोठ्याने हसायला निमित्तच नसतं रे.

हिरवा संपत आलाय. जास्वंदीचाही फार दिवस पुरेल असं दिसत नाही. पुढचा पाठव. पत्रासकट.

येऊ 'शकतो' म्हणजे काय ते वकिलांना विचारून कळव.

ताई


५ मार्च

प्रिय ताई,

दोन डबे पंधरवड्यात संपवत आणलेस? आमच्या विक्रीवाल्याला सांगितलं तर तो तुझा पत्ता मागू लागला. माझ्या लिखाणाने प्रभावित होऊन चहा पिणारी तू जगातली पहिली व्यक्ती. छापखान्यात इतकी वर्षं लोकांच्या चुका दुरुस्त केल्या, पण माझ्या एका वाक्याने कोणी सकाळची सवय बदलल्याचं आठवत नाही. छाती दोन बोटं फुगली. शर्ट जुनाच असल्यामुळे बटणाने जीव दिला. आलो की लावून दे.

या वेळी चार डबे पाठवतो. जास्वंद दोन, कॅमोमाइल एक आणि एक पांढरा चहा. पांढरा चहा म्हणजे कोवळ्या कळ्या खुडून वाळवलेला. भयंकर महाग आणि चवीला जवळजवळ गरम पाणी. त्याने त्वचेवर तेज येऊ शकते. आमच्याकडे चहाची चव बघणारे एक काका आहेत. दिवसभर चमचा चमचा चहा तोंडात घेतात, खळखळ फिरवतात आणि शेजारच्या पिंपात थुंकतात. त्यांना विचारलं, 'काका, यातला सगळ्यात चांगला कोणता?' म्हणाले, 'सगळेच चांगले. गिळू मात्र नयेत.' विनोदी माणूस.

गुण येतोय का ते लिही. मनापासून विचारतोय. तुझ्याइतकं नेमाने घेणारं मला दुसरं माणूस मिळायचं नाही.

मार्चअखेर हिशेबाची धावपळ असते, म्हणून एप्रिलमध्ये येऊ शकतो. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, हे वाक्य निर्दोष आहे.

तुझा,
दी. शहाणा


२२ मार्च

प्रिय दी. शहाण्यास आशीर्वाद.

आडनाव छान लावलंस.

गुण विचारतोस, तर ऐक. गुण दिसतोय. महिन्याभरापूर्वी कशी मरगळ होती, मान टाकली होती. आता तुकतुकी आलीय. रंग उजळलाय. काल समोरच्या शिक्षिकाबाई जिन्यात थांबून बघतच राहिल्या. 'अहो, काय घालता तरी काय?' म्हणाल्या. म्हटलं, माझा भाऊ चहा पाठवतो, दुसरं काही नाही. त्यांना खरं वाटेना.

कॅमोमाइल टाकला की खोलीभर गवताच्या गंजीसारखा वास येतो. तो वास मला आवडतो. पांढराही लवकरच संपेल.

इकडचं बाकी ठीक. शाळेचे गणवेश आलेत, खोलीभर निळं कापड. तुझ्या भावोजींच्या खुर्चीवर गठ्ठे ठेवते. रिकामी बघण्यापेक्षा बरं.

एप्रिल आला की सांग.

ताई


९ एप्रिल

प्रिय ताई,

रागावू नकोस. तू छापली गेलीस.

झालं असं, की तुझं पत्र खिशात घेऊन फिरत होतो. जेवणाच्या सुट्टीत साहेबांना सहज वाचून दाखवलं. साहेबांचे डोळे चमकले. म्हणाले, 'हे डब्यावर घ्या.' वकील म्हणाले, माणसाने स्वतः सांगितलेला अनुभव असेल तर 'शकते' नको. ताई, 'शकते' नको. या कंपनीच्या इतिहासात असं वाक्य पहिल्यांदा छापलं गेलं, आणि ते तुझं आहे. सोबत नवा डबा पाठवतो, मागची बाजू बघ: 'मरगळ गेली, तुकतुकी आली, रंग उजळला. शेजारीण विचारते, काय घालता? — एक समाधानी भगिनी.' 'घालता'च्या जागी 'घेता' करावं असं मला वाटत होतं, पण म्हटलं ताईची भाषा आहे, हात लावायचा नाही. कधी नव्हे तो मुद्रितशोधक गप्प बसला.

मला पगारवाढ मिळू शकते.

एक राहिलंच. गोळीचं काही लिहिलं नाहीस. तेवढं सविस्तर लिही, समासात नको. एप्रिलचं काही जमेलसं दिसत नाही. मे महिन्यात मात्र नक्की येऊ शकतो.

तुझा,
आता पावणेदोन शहाणा


२८ एप्रिल

चि. शहाण्यास आशीर्वाद.

डबा बघितला. 'समाधानी भगिनी' वाचून मला जे हसू आलं ते थांबेना. कारण भेटशील तेव्हा सांगेन.

गोळीचं विचारलंस. सकाळी उठले की आधी तुझा चहा टाकते, मग गोळी टाकते, मग मशीनवर बसते. नेम झालाय आता, चुकत नाही.

अक्षर वाकडं आलंय, ते चालवून घे. बोटाला थोडं लागलंय. परवा जरा गरगरलं होतं, आता बरी आहे.

डबे रिकामे झाले. पाठव.

ताई


३ मे, कुरिअरने

ताई,

हे वाचशील तेव्हा उभी असलीस तर आधी बस.

गोळी टाकू नकोस. माझा चहा घेऊन गोळी टाकणं म्हणजे छत्री मोडून तिच्या काड्यांवर भिस्त ठेवणं. तुझा फोन सकाळपासून लावतोय, नुसता वाजतो. तू तो सुयांच्या डब्यात ठेवतेस आणि वर मशीन चालवतेस, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

मी काय लिहितो ते तुला आज सरळ सांगतो. मला काही कळत नाही. मी तिथे बसून चार चोपड्या चाळतो आणि वाक्याला शेपूट लावतो. खरं आहे तेवढं एवढंच: आल्याने मळमळ थोडी थांबते. पुदिन्याने पोटाला बरं वाटतं. कॅमोमाइलने कुणाकुणाला शांत झोप लागते, कदाचित नुसतं गरम काही घेऊन पाच मिनिटं गप्प बसल्यामुळेही लागत असेल. हिरवा चहा चांगला असेलही, पण जेवणाला लागून घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि हे मात्र आम्ही डब्यावर छापत नाही. जास्वंदीने रक्तदाब थोडा उतरतो असं काहींना आढळलंय. पण ती गोळीच्या जागी चालत नाही. गोळीबरोबर घ्यायची तरी डॉक्टरांना विचारून घ्यायची. चवीच्या काकांना मी आज धरून विचारलं, 'रक्तदाबाला कोणता चहा?' त्यांनी पिंपात थुंकून सांगितलं, 'डॉक्टरला विचार, गाढवा.' इतक्या महिन्यांत त्या इमारतीत कोणी बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

आणि मी तुला काय दिलं? तेज येऊ शकते. तू गरगरून पडलीस आणि मी तुझी तुकतुकी डब्यावर छापत होतो. हसतो मी स्वतःला, ती माझी जुनी खोड आहे, पण आज हसू येत नाहीये. माझ्या चार ओळींपायी तुला काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडाने जगलो असतो?

चहा बंद कर. गोळी सुरू कर. आज, आत्ता. डॉक्टरीणबाईंकडे जा आणि त्यांना डबाही दाखव. माझी लाज काढतील, काढू देत. रजा मिळाली तर मी येऊ

ताई, 'शकतो' लिहिणार होतो. पेन थांबलं.

तुझा भाऊ


६ मे

प्रिय भावास,

तुझं कुरिअर आलं तेव्हा मी बसलेलीच होते, मशीनवर. पाय थांबला तो बराच वेळ हललाच नाही.

अरे दीडशहाण्या, गोळी मी टाकते ती तोंडात टाकते. पाण्याच्या घोटाबरोबर. डॉक्टरीणबाईंनी दिल्यापासून एक दिवस चुकली नाही. आणि चहा मी टाकते तो कुंडीत टाकते. 'टाकून देते' लिहायला हवं होतं, मी 'देते' तेवढं गाळलं. चहा गाळायचाच असतो, त्यात माझा काय दोष? जन्मभर दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ धरलेस आणि सख्ख्या बहिणीचं एक क्रियापद दोन्ही ठिकाणी उलटं वाचलंस. मी फेकत होते ते तू मला पाजलंस आणि मी गिळत होते ते फेकायला लावलंस.

तुकतुकी आलीय ती जिन्यातल्या रबराच्या झाडाला. मान टाकली होती ती त्यानेच. शिक्षिकाबाई त्यालाच बघत थांबल्या होत्या. तुझ्या कंपनीच्या डब्यावर जी समाधानी भगिनी छापली आहे, ती माझ्या कमरेएवढी उंच आहे आणि तिला नवीन पानं फुटताहेत. साहेबांना कळव, किंवा नको कळवू. वकिलांना बिचाऱ्यांना झोप लागायची नाही, कॅमोमाइल पाजलास तरी.

चहा मी सकाळी एकच घेते. दुधाचा, दणदणीत उकळलेला, तुझ्या भावोजींच्या हातचा असायचा तसा. साखर तेवढी कमी केलीय.

आता दुसरं. गरगरलं ते खरं. मी मशीनवर होते. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय चालतच राहिला आणि सुई नखातून गेली. कापडाला बोट टाचलं गेलं, माझ्याच हाताने. मी हाक मारली तर घरात कोणी नव्हतं. समोरच्या बाई येईपर्यंत चाक उलटं फिरवायचीही हिंमत झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळीचं प्रमाण बदललं, आता बरं आहे. पण त्या वेळी मी फार घाबरले होते. हे मी तुला लिहिलं नाही, कारण तू नवा चहा पाठवला असतास.

रागावले मी तुझ्यावर, ते चहामुळे नाही. तुझं कुरिअर वाचून आधी डोळे भरले, मग राग आला. बहीण गोळ्या सोडून मरायला टेकलीय असं वाटलं तुला, आणि तू काय पाठवलंस? कुरिअर.

आणि आता तू विचारशील, प्यायचा नव्हता तर मागत का होते. डबा संपला असं कळवलं की तू पुढचा पाठवतोस. डब्याबरोबर पत्र येतं. एरवी वर्षातून एखादं येतं, तेही दोन ओळींचं. मी प्यायला बसले असते तर एका डब्याला तीन महिने लागले असते. झाडाला टाकला की लवकर संपतो. म्हणून टाकते.

ताई


९ मे

प्रिय ताई,

या पत्राबरोबर डबा नाही.

तुझं पत्र मी टपरीवर उभ्याने वाचलं. चहा निवला, वर साय धरली. टपरीवाल्याने विचारलं, 'साहेब, वाईट बातमी?' मी म्हटलं, 'नाही. मला वाचता येत नाही हे आज कळलं.' त्याला वाटलं चष्मा हरवला. त्याने बिचाऱ्याने स्वतःचा देऊ केला.

साहेबांना झाडाचं सांगितलं. त्यांनी डबा उलटा करून मागची बाजू पुन्हा वाचली. मग म्हणाले, 'खत म्हणून खपेल का?' मी आपलं सवयीने म्हटलं, 'खपू शकते.' डबा मात्र मागे घेताहेत. माझी पगारवाढही त्याच्याबरोबर गेली. समाधानी भगिनीला सांग, तिचा राग नाही.

कुरिअरबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. त्यावर विनोद सुचला होता, लिहून खोडला. मी घाबरलो होतो. तुझ्यासाठी घाबरलो, आणि भावोजी नसलेल्या त्या खोलीत पाय ठेवायलाही घाबरत होतो. ते गेल्यापासून 'शकतो' 'शकतो' करत लांबूनच डबे फेकत राहिलो. तू तिथे एकटी हाक मारत होतीस.

रजेचा अर्ज देऊन आलोय. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो आणि दुपारी पोचतो. पोचू शकतो नाही, पोचतो. डॉक्टरीणबाईंकडे दोघं मिळून जाऊ. खुर्चीवरचे गणवेश उचलून ठेव, मी तिथेच बसणार आहे. शर्टाचं बटणही आणतोय.

जिना चढताना झाडाला नमस्कार करीन. मग दार वाजवीन. मशीन थांबवून उघड, आणि चहा टाक.

तुझा भाऊ